वर जाणारं पान

कुवेतमधल्या फरवानियाच्या आमच्या घरात तमालपत्राची बरणी मिसळणाच्या डब्याशेजारी नसते. ती हॉलमध्ये, गणपतीच्या बाजूच्या फळीवर असते. मसालेभात करायचा असला की शुभांगी, माझी बायको, तिथनंच मला हाक मारते, "यातली घेऊ ना? की कुणाची ठेवलेली आहेत?" घरी आलेल्या माणसांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. त्याचं उत्तर द्यायचं तर डॉक्टर किस्पेंबद्दल बोलावं लागतं, आणि त्यांच्याबद्दल थोडक्यात बोलणं मला आजवर जमलेलं नाही.

डॉक्टर तेओफिला किस्पे जाब्रियातल्या आमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. मी त्यांच्या हाताखालचा टेक्निशियन. त्या पेरू देशातल्या, अँडीज पर्वतातल्या एका उंच गावच्या. त्यांची स्वतःची उंची मात्र माझ्या खांद्यापर्यंत. केसांच्या दोन वेण्या त्या थिएटरच्या टोपीत कोंबत, त्यामुळे टोपी दोन्ही बाजूंनी फुगलेली असे. मराठी सिस्टर त्यांना आपापसात 'पानवाली डॉक्टरीण' म्हणत. एकदा हे त्यांच्या कानावर गेलं, त्यांनी अर्थ विचारला, आणि तेव्हापासून आमच्या सिस्टरांना फोन केला की स्वतःच सांगत, "पानवाली बोलते आहे."

भूल देण्याआधी पेशंटला काहीतरी बोलतं ठेवावं लागतं. कुणी मुलाबाळांबद्दल विचारतं, कुणी उलटे आकडे मोजायला लावतं. डॉक्टर किस्पे विचारत, "तुमच्या गावाजवळ डोंगर आहे का?" इंग्रजीत, अरबीत, मोडक्या हिंदीतही. माणूस टेबलावर आडवा पडलेला, अंगावर हिरवी चादर, आणि त्याला आठवावा लागे डोंगर. कुणाचा केरळातला, कुणाचा नेपाळातला. आठवता आठवता त्याचा श्वास संथ व्हायचा. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत काम करणारा आपला एक मराठी वेल्डर हात भाजून आला होता. तो म्हणाला, डोंगर आहे, पण त्याला नाव नाही, आम्ही नुसतं डोंगरच म्हणतो. मी ते भाषांतर करून सांगितलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मग त्याला सांग, डोंगराला तुझं नाव ठाऊक असेल." वेल्डर हसला आणि हसतच झोपला.

मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, सॉरी डॉक्टर, आमच्याकडे डोंगर नाही. त्या म्हणाल्या, "डोंगर नसल्याबद्दल माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला." मी तसाच आहे. चूक असो नसो, माझ्या तोंडात सॉरी आधी येतं. माझे वडील अंबाजोगाईला वारले तेव्हा मी इथे थिएटरमध्ये उभा होतो. तेव्हापासून ही सवय जास्तच वाढली. बाईंना वडिलांचं मी सांगितलं नव्हतं. पण भूल देणाऱ्या माणसाला कुणाला कुठे दुखतं याचा अंदाज असतो.

त्या पानवाल्या कशा, ते आता सांगायला हवं. त्यांच्या गावात सगळं कोकाच्या पानाने सुरू होतं. मुलीला मागणी घालायला जाताना मुलाचा बाप पानं घेऊन जातो. मुलीकडच्यांनी पान तोंडात घातलं की बोलणं पुढे सरकलं असं समजायचं. आपल्याकडे सुपारी फुटते तसंच. नांगर धरायच्या आधी पान, भांडण मिटवताना पान, मयताशेजारी रात्र काढताना पान. ते चावून गिळत नाहीत. गालात धरून ठेवतात, जोडीला चुन्यासारखी राखेची गोळी. भूक दबते, थंडी सोसते, आणि जिथे हवा विरळ आहे तिथे चढणीवर दम टिकतो. देताना दोन्ही हातांनी द्यायचं, घेताना दोन्ही हातांनी घ्यायचं. पण सगळ्यांच्या आधी डोंगराचा मान. तीन अखंड पानं निवडायची, पंख्यासारखी बोटांत धरायची, ओठांजवळ नेऊन त्यांच्यावर हळू फुंकर घालायची आणि डोंगरांची नावं घ्यायची. ती फुंकर डोंगराला पोचते.

ते पान आलं कुठून, याची त्यांच्या आजीची गोष्ट अशी होती: एका आईचं मूल दगावलं. ती वेड्यासारखी रानोमाळ भटकत होती. चालता चालता तिने नकळत एका झुडपाचं पान तोडून तोंडात टाकलं. दुःख गेलं नाही, पण ते घेऊन चालता येऊ लागलं. "पान तेवढंच करतं," बाई म्हणत. "ओझं उतरवत नाही. ओझ्यासकट चालवतं."

कुवेतमध्ये ते पान आणणं गुन्हा आहे. इतक्या वर्षांत बाईंनी त्या पानाच्या चहाची एक पुडीसुद्धा आणली नाही. कुणी आणून देऊ केली तरी घेतली नसती. ज्या घरात राहतो त्या घराचा नियम पाळायचा, एवढंच त्या म्हणत. पण डोंगराचा मान कसा चुकवणार? म्हणून त्यांनी शोधून काढलं आपलं तमालपत्र. कोकाच्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना दोन पुसट रेषा असतात. आपल्या तमालपत्रावरही तशाच, फक्त ठसठशीत. त्या म्हणत, "हे माझ्या पानाचं थोडं जाडं, थोडं उद्धट भावंड आहे."

हे भावंड मिळे दाऊदभाईंच्या दुकानात. दाऊदभाई दापोलीकडचे, फरवानियात बस थांबते तिथे त्यांचं किराणा दुकान. बाई आल्या की तमालपत्राची अख्खी पिशवी काउंटरवर ओतत आणि एकेक पान उजेडाकडे धरून पाहत. टोक मोडलेलं बाजूला, भोक पडलेलं बाजूला. दाऊदभाई मला मराठीत म्हणायचे, "विनायकराव, ह्या बायला इचारा, पुलाव करायचाय का जावय बघायचाय?" मी ते सांगितलं की बाई म्हणत, जावई असता तर इतकी पारख केली नसती. मग दाऊदभाई चहा मागवत. एकमेकांची भाषा न येणारी ही दोन माणसं त्या काउंटरवर जितकं हसली तितकं मी कुणाला हसताना पाहिलेलं नाही.

पानावरून त्यांना टोमणेही बसत. चहाच्या खोलीत एक तरुण सर्जन एकदा म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या गावात तर परसात कोकेन उगवतं म्हणे." सगळे हसले. बाईंनी त्याच्या डब्याकडे पाहिलं. डब्यात द्राक्षं होती. त्यांनी एक उचललं आणि विचारलं, "डॉक्टर, तुमच्या डब्यात दारू आहे, हे मी पोलिसांना कळवू का?" आता हसण्याची पाळी उलटली. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की त्या पानातून पुढे दूर कुठे कुणी काय पावडर काढली, त्याचं पाप पानावर नाही आणि पान गालात धरून बटाटे काढणाऱ्या त्यांच्या आईवरही नाही. त्याच पानातून डोळा बधिर करणारं पहिलं औषधही निघालं. "तुम्ही रोज जी सुई टोचून जागा बधिर करता ना," त्या म्हणाल्या, "तिची आजी माझ्या गावची आहे. जरा आदराने टोचत जा."

त्या आईसाठीच त्यांचं एक काम उरलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची आईही त्या इथे असतानाच गेली. तिला गावाच्या वरच्या अंगाला पुरलं होतं. निवृत्त झाल्यावर गावी जायचं, पायांनी चढून त्या जागी जायचं आणि खऱ्या कोकाची तीन पानं आपल्या हातांनी तिथे ठेवायची. "मी उशिरा येते आहे, पण येते आहे, हे तिला सांगायचं आहे," असं त्या म्हणत. निवृत्ती उन्हाळ्यात होणार होती. सिस्टरांनी निरोपाच्या साडीचा रंगही ठरवून ठेवला होता.

तोवर काम भागत होतं मुत्लावर. कुवेत सपाट आहे. उत्तरेला मुत्ला नावाची एक लांबट टेकाडांची रांग आहे, तेवढाच काय तो उंचवटा. सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी मी बाईंना गाडीतून तिकडे नेई. वाटेत त्या अंतर मोजत पानात. त्यांचे वडील खेचरांवर माल वाहायचे, आणि त्या वाटेवरचं अंतर मैलांत नव्हे तर पानांत सांगायची रीत होती: गालातल्या पानाचा कस संपेपर्यंत जितकं चालणं होईल तितकं एक पान. चढणीचं पान आखूड, उताराचं लांब. बाईंच्या हिशोबाने जाब्रियाहून फरवानिया एक पानसुद्धा नव्हतं, आणि रिंगरोडवर गर्दी असेल तर मात्र त्याची दोन होत. मुत्लापाशी उतरल्या की त्या टेकाडाकडे पाहून दरवेळी म्हणत, "बिचारा. पण डोंगर आहे. मान दिला पाहिजे." मग तीन तमालपत्रं, फुंकर, आणि त्यांच्या हिमशिखरांची नावं. औसंगाते, सालकांताय. शेवटी हलकेच, मुत्ला.

एकदा तिथून परतताना त्या आमच्याकडे जेवायला आल्या. त्या दिवशी त्यांच्या आईची पुण्यतिथी होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन पानं ठेवली, फुंकर घातली आणि हात धुवायला गेल्या. शुभांगी घाईत होती. तिला वाटलं मीच मसालेभातासाठी पानं काढून ठेवली आहेत. जेवताना बाईंच्या ताटात भाताखालून एक पान निघालं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग पानाकडे. शुभांगीचा चेहरा पांढरा पडला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. म्हणाल्या, आमच्याकडेही वाहिलेलं पान फेकत नाहीत. जाळतात, पुरतात, नाहीतर खातात. "शुभांगी, आज माझी आई तुमच्या पंगतीला बसली. तिला मीठ थोडं कमी लागतं, एवढं लक्षात ठेव."

शुभांगीला तरी चैन पडेना. तिने जेवणानंतर हळदीकुंकू लावून त्यांची ओटी भरली आणि दाऊदभाईंकडून आणलेल्या विड्याच्या पानाचा विडा करून दिला. पानाला ती चुना लावते आहे हे पाहून बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "आमची राख!" त्यांनी विडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि गालात ठेवला. तो तिथेच राहिला. आम्हाला वाटलं आता चावतील, मग चावतील. त्यांनी चावला नाही. गाल फुगवून त्या तासभर शांतपणे गप्पा मारत बसल्या. ओठांच्या कडेने लाल ओघळ यायला लागला तेव्हा शुभांगीने घाबरून मला आत बोलावलं. विडा चघळून खायचा असतो, हे त्यांना सांगायचं कुणी? शेवटी आमची मुलगी सई इंग्रजीत म्हणाली, "डॉक्टर आँटी, यू आर सपोज्ड टू ईट इट." बाईंनी गालातला विडा न काढताच उत्तर दिलं की जो पाहुणा विडा लगेच खाऊन टाकतो त्याला घरी जायची घाई असते. आम्हाला ते पटलं. मी आता विडा जरा सावकाश खातो.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात मुत्लाच्या त्या टेकाडावर, जिथे पोरं पतंग घेऊन धावत चढतात, बाई अर्ध्यात थांबल्या. ओठ निळसर झाले होते. मी त्यांना धरून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी आमच्याच हॉस्पिटलातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब फार वाढला आहे. इथे, समुद्राच्या पातळीवर, औषधांनी वर्षं निघतील. तितक्या उंचावर राहायला गेलात तर महिनेही निघणार नाहीत. चढण तर विसरूनच जा.

एक गोष्ट लिहून टाकतो. हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की म्हणजे बाई आता जाणार नाहीत. मला क्षणभर बरं वाटलं. त्यांचा चेहरा समोर होता आणि तरीही मला बरं वाटलं.

त्यानंतर काही आठवडे त्या पेशंटना उलटे आकडे मोजायला लावू लागल्या. डोंगराचं नाव नाही. थिएटर तसंच होतं, यंत्रांचे आवाज तेच, पण आम्ही सगळे जरा हळू बोलायचो. मी एकदा म्हणालो, डॉक्टर, आई समजून घेईल. त्या म्हणाल्या, "बिनायाक, तुझ्या वडिलांनी घेतलं का समजून?" माझ्या नावातला व त्यांना कधी जमला नाही. वडिलांबद्दल शुभांगीने त्यांना कधीतरी सांगितलं असणार.

मग एका संध्याकाळी मीच त्यांना दाऊदभाईंकडे घेऊन गेलो. दाऊदभाईंनी त्यांना पाहताच पिशवी ओतली. बाईंनी पानांना हात लावला नाही. बाईंना काय झालंय ते मी दाऊदभाईंना आधीच सांगितलं होतं. त्यांना गप्प बसवेना, म्हणून ते काहीबाही बोलत राहिले. म्हणाले, "बायला सांगा, ह्या पानाची पन काय मजा हाय. माझ्या दापोलीत ता पिकत नाय, कुवेतात तर नायच नाय. तिकडं वर, हिमालयाच्या अंगाला पिकतं, नी खाली येतं. आमी कोकनी मानसं, आमी काय हिमालय बगलाय? पन पुलावात हिमालय हायच."

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. बाई ऐकत होत्या. त्यांनी एक पान उचललं, उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"माझं पान उलटं चालतं," त्या म्हणाल्या.

मग त्या बोलतच राहिल्या. कोका डोंगरावर उगवतच नाही. तिथे थंडीने मरतं. ते उगवतं खाली, उबदार दमट खोऱ्यात, आणि माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर बसून वर जातं. वरून बटाटे आणि सुकवलेलं मांस खाली येतं. त्यांचे वडील जन्मभर हेच करत होते: खोऱ्यातून पान वर न्यायचं. त्यांच्या आईने आयुष्यभर पान खाल्लं, पानाने डोंगर पुजले, पण ते ज्या झुडपाला लागतं ते झुडूप तिने एकदाही पाहिलं नव्हतं. "तिच्यापर्यंत जे जे चांगलं पोचलं ते कुणीतरी खालून पाठवलेलं होतं," बाई म्हणाल्या. "कुणीतरी खाली राहायला हवं ना, बिनायाक."

दाऊदभाईंना यातलं काय कळलं कुणास ठाऊक. त्यांनी चहा मागवला. बाईंनी पानं निवडायला घेतली.

उन्हाळ्यात त्या पेरूला परतल्या, वर गावी नव्हे तर पान पिकतं त्या खालच्या खोऱ्यात राहायला. निरोपाला सिस्टरांची हिरवी साडी नेसल्या, वेण्या मोकळ्या सोडल्या, आणि सर्वांना विमानतळावर येऊ नका म्हणाल्या. मी गेलो. त्यांनी मला तमालपत्राची बरणी दिली. एक हात ट्रॉलीवर होता, म्हणून मी दुसऱ्या हाताने घ्यायला गेलो, तर त्यांनी बरणी मागे ओढली आणि वाट पाहिली. मी ट्रॉली सोडली आणि दोन्ही हात पुढे केले.

त्या खोऱ्यात जायला वाटेत एक उंच खिंड ओलांडावी लागते. ती कशी पार केली ते त्यांनी नंतर फोनवर सांगितलं: नाकाला ऑक्सिजनची नळी, गाडी कुठेही न थांबवता. जन्मभर दुसऱ्यांचा श्वास सांभाळला, एक दिवस स्वतःचा सांभाळला, असं म्हणाल्या. खिंडीतून दूरवर त्यांचा गाव दिसतो. ड्रायव्हरने गाडी फक्त हळू केली. त्यांनी काच खाली केली आणि फरवानियाची तीन तमालपत्रं वाऱ्यावर सोडली.

खोऱ्यात त्या भाच्याच्या घरी राहतात. गेल्या महिन्यात तिथून व्हिडिओ कॉल आला. शुभांगीने भाजी गॅसवरून उतरवून ठेवली. फोनमध्ये दिसत होतं फरसबंदीचं अंगण आणि त्यावर उन्हात पसरलेली पानं, हिरवीगार, छोटी, आपल्या तमालपत्रापेक्षा किती नाजूक. भाचा मोटारसायकलला एक गाठोडं बांधत होता. तो वर गावी निघाला होता. बाईंनी ढिगातून पानं निवडायला घेतली, तशीच उजेडाकडे धरून. तीन मिळाली. त्यांनी ती फोनसमोर पंख्यासारखी धरली आणि मला विचारलं, "बिनायाक, तुझ्या गावाजवळ डोंगर आहे का?"

मी म्हणालो, "आहे. बालाघाट."

इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो होतो, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी फुंकर घातली. औसंगाते, सालकांताय, मुत्ला, बालाघात. त्यांच्या तोंडात ते असंच आलं. मग ती तीन पानं त्यांनी भाच्याच्या ओंजळीत ठेवली, दोन्ही हातांनी. त्याने ती शर्टाच्या आत, छातीशी ठेवली.

फोन त्यांनी कठड्यावर उभा केला होता आणि तो बंद करायचा विसरल्या. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. बाई अंगणाच्या कडेला गेल्या, आमच्याकडे पाठ करून. समोर चढणीचा रस्ता झाडांत शिरत होता. आवाज वळणावळणाने वर जात राहिला, बारीक होत गेला, आणि तो अगदी ऐकू येईनासा झाल्यावरही त्या तिथेच उभ्या होत्या. दोन्ही हात अजून पुढे होते. रिकामे, उघडे, आणि पाठ अगदी ताठ. शुभांगी हळूच म्हणाली, "आपण बंद करूया का?" आम्ही कुणीच बंद केला नाही.